खुर्चीचा भाव : हाँगकाँगमधलं गॉडबर प्रकरण

८ जून १९७३ रोजी हाँगकाँगच्या काई टाक विमानतळावरून एक पोलीस अधिकारी सिंगापूरच्या विमानात बसला आणि तिथून लंडनला निघून गेला. त्याच्याविरुद्ध चौकशी चालू होती. त्याच आठवड्यात त्याला नोटीस मिळाली होती : तुमच्याकडे एवढा पैसा कुठून आला याचा खुलासा करा. खुलाशाची मुदत संपायच्या आतच तो देशाबाहेर पडला. पासपोर्ट तपासणीच्या रांगेत तो उभाच राहिला नाही. विमानतळावर कुठेही फिरायची मुभा देणारा पोलिसांचा पास त्याच्याजवळ होता. तो दाखवून तो थेट विमानापर्यंत पोचला.

त्याचं नाव पीटर गॉडबर. चीफ सुपरिंटेंडंट हा हुद्दा आणि काउलूनसारख्या गजबजलेल्या भागाच्या पोलीस दलात दुसऱ्या क्रमांकाची खुर्ची. १९५२ साली तो हाँगकाँग पोलिसांत भरती झाला. १९६७च्या दंगलीत त्यानं केलेल्या कामगिरीचं कौतुक झालं होतं. निवृत्ती तोंडावर आली होती. चौकशीत त्याची मालमत्ता ४३ लाख हाँगकाँग डॉलरच्या वर निघाली. एकवीस वर्षांच्या नोकरीत हातात पडलेला सगळा पगार एकत्र केला, तरी त्याच्या जवळजवळ सहापट.

लाचखोरीविरुद्ध काय करता येतं, हा प्रश्न निघाला की जगभर हाँगकाँगचं उदाहरण दिलं जातं. २०११ मध्ये जनलोकपालाची मागणी जोरात होती तेव्हा आपल्याकडेही ते वारंवार दिलं गेलं. पण सांगितली जाते ती बहुतेक वेळा गोष्टीची अर्धीच बाजू : स्वतंत्र आयोग नेमला, बड्या अधिकाऱ्याला आत टाकलं, शहर स्वच्छ झालं. प्रकरण नीट वाचलं तर त्यातले दोन भाग मला जास्त मोलाचे वाटतात. गॉडबरला शिक्षा नेमक्या कोणत्या गुन्ह्यासाठी झाली, हा एक. आणि १९७७च्या नोव्हेंबरात गव्हर्नरनं काय केलं, हा दुसरा.

तेव्हाचं हाँगकाँग ब्रिटिशांची वसाहत होती. चीनमधून माणसांचे लोंढे येत होते आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला लोकसंख्या ४० लाखांच्या घरात गेली होती. घरं कमी, शाळा कमी, दवाखाने कमी, आणि प्रत्येक कमी असलेल्या गोष्टीच्या दारात एक माणूस हात पुढे करून उभा. या पैशाला तिथे चहाचा पैसा म्हणत. रुग्णवाहिकेवाले रोग्याला उचलायच्या आधी तो मागत. इस्पितळात रोग्याला बेडपॅन किंवा घोटभर पाणी द्यायलाही आया पैसे मागत. आग लागली तर अग्निशमन दलाचे जवान नळीत पाणी सोडण्याआधी पैशाची बोली करतात, हे तर लोकांच्या बोलण्यात म्हणीसारखं रुळलं होतं. सरकारी घराच्या यादीत नाव वर सरकवायचं असेल, फेरीवाल्याला टोपली घेऊन बसायचं असेल, तर ज्याच्या त्याच्या हातावर काही ना काही ठेवावं लागे.

पोलिसांचा मामला यापेक्षा वेगळा होता. तिथे सुटी लाच नव्हती, पद्धतशीर वसुली होती. जुगाराचे अड्डे, अफूचे अड्डे, वेश्यावस्ती, बेकायदा प्रवासी गाड्या, प्रत्येकाचा हप्ता ठरलेला. मिनीबसवाले दर महिन्याला पैसे भरत आणि बदल्यात त्यांना काचेवर लावायला एक स्टिकर मिळे. महिना बदलला की स्टिकर बदले. रस्त्यावरचा शिपाई स्टिकर बघूनच गाडी सोडून देई. आपल्याकडच्या ट्रकवाल्यांना ही व्यवस्था वेगळी समजावून सांगावी लागणार नाही, ‘एन्ट्री’ हा शब्द ते रोज वापरतात.

हा पैसा गोळा करायचे स्टाफ सार्जंट हुद्द्यावरचे चिनी अधिकारी. ते खालून वसूल करत, वर पोचवत आणि मधल्या प्रत्येकाला त्याचा वाटा देत. नव्यानं आलेल्या इन्स्पेक्टरला एक दिवस टेबलाच्या खणात पाकीट सापडे. कोणी ठेवलं ते कोणी सांगत नसे आणि कोणी काही मागतही नसे. पाकिटाबद्दल तो गप्प राहिला की पुढच्या महिन्यात आणखी एक येई. अशा रीतीनं माणूस भ्रष्ट होण्यासाठी त्याला काहीच करावं लागत नसे, हे मला या व्यवस्थेतलं सगळ्यात भयंकर अंग वाटतं. लाच ‘खाण्या’ला निदान हात पुढे करावा लागतो. इथे फक्त तोंड बंद ठेवलं की काम होत होतं.

गॉडबर पळाल्यावर चौकशीसाठी नेमलेले न्यायमूर्ती ॲलिस्टर ब्लेअर-कर यांनी आपल्या दुसऱ्या अहवालात पोलिसांमध्ये प्रचलित असलेलं एक वचन नोंदवलं आहे. लाचखोरी म्हणजे बस. बसमध्ये चढा, म्हणजे हप्त्यात सामील व्हा. चढायचं नसेल तर बसच्या बाजूनं धावा, म्हणजे स्वतः घेऊ नका पण आड येऊ नका. पण बससमोर कधी उभे राहू नका. कोणत्याही सरकारी कचेरीत महिनाभर काम केलेल्या माणसाला या तिन्ही जागा ओळखता येतील. दुसऱ्या जागेवरचे लोक सर्वांत जास्त असतात, आणि स्वतःला प्रामाणिक म्हणवून घेतात. ते खोटं बोलत नसतात. पण बस त्यांच्याच शेजारून जात असते.

कायदा नव्हता असं नाही, आणि हा मुद्दा आपण नेमका विसरतो. लाचलुचपतीविरुद्धचा कायदा १९४८ पासून होता आणि १९७१ मध्ये तो बराच कडक करण्यात आला. त्याचं दहावं कलम असं : सरकारी नोकराकडे त्याच्या पगाराशी न जुळणारी मालमत्ता असेल आणि तिचा समाधानकारक खुलासा तो देऊ शकला नाही, तर तो गुन्हा. लाच कोणी दिली, कधी दिली, कशासाठी दिली हे सरकारनं सिद्ध करायची गरज नाही. खुलाशाचा बोजा अधिकाऱ्यावर. त्या काळच्या मानानं हे कलम जबरदस्त होतं. गॉडबरला नोटीस गेली ती याच कलमाखाली.

लाचविरोधी कचेरीही होती. पण ती पोलीस दलातच. पोलिसांची चौकशी पोलीसच करत. त्यामुळे तक्रार करणाऱ्याचं नाव तो घरी पोचायच्या आत ठाण्यावर पोचलेलं असे, अशी लोकांची पक्की समजूत होती. ती प्रत्येक वेळी खरी असेलच असं नाही, पण तक्रार न करायला माणसाला एवढी समजूत पुरते. न्यायानं बोलायचं तर एक गोष्ट मात्र सांगितली पाहिजे. गॉडबरच्या खात्यांतून परदेशात जाणाऱ्या पैशाची माहिती मिळाल्यावर चौकशी सुरू केली ती पोलीस आयुक्त चार्ल्स सटक्लिफ यांनीच. चौकशी करणारे अधिकारी कामचुकार होते असं दिसत नाही. त्यांनी मालमत्तेचा हिशेब चोख मांडला. कमी पडली ती एकच गोष्ट : ज्याची चौकशी चालू होती त्याच्या खिशात त्यांच्याच खात्याचा पास होता.

तो पळाला आणि शहर उसळलं. ऑगस्टमध्ये व्हिक्टोरिया पार्कमध्ये विद्यार्थी जमले, ‘भ्रष्टाचाराशी लढा, गॉडबरला पकडा’ अशी घोषणा घेऊन. सभेला परवानगी नव्हती, धरपकड झाली. विधिमंडळाच्या निवडणुका नसलेल्या त्या वसाहतीत लोकांना राग व्यक्त करायचा दुसरा मार्गही नव्हता.

गव्हर्नर सर मरे मॅक्लेहोस यांच्यापुढचा पेच खराच अवघड होता. सहाच वर्षांपूर्वी दंगलींनी हाँगकाँग हादरलं होतं. पलीकडे चीनमध्ये सांस्कृतिक क्रांती अजून संपलेली नव्हती. अशा ठिकाणी वसाहतीचं राज्य उभं असतं ते पोलिसांच्या जोरावर. लाचविरोधी कचेरी पोलिसांकडून काढून घेणं म्हणजे सगळं दल भ्रष्ट आहे असं सरकारनंच जाहीर करणं. दलातल्या हजारो लोकांना ते कसं पचणार? शिवाय गुन्ह्याचा तपास ही पोलिसांची विद्या. नवख्यांची कचेरी उभारली तर ती काय तपास करणार? ब्लेअर-कर यांनी दोन्ही बाजू मांडल्या. तपासाच्या सोयीच्या दृष्टीनं कचेरी पोलिसांतच असलेली बरी, असं म्हणणाऱ्यांचे मुद्दे त्यांनी टाळले नाहीत. पण त्यांचा रोख स्पष्ट होता : ही कचेरी पोलिसांपासून वेगळी होत नाही तोवर सरकार खरंच लढणार आहे यावर लोकांचा विश्वास बसणार नाही.

मॅक्लेहोस यांनी विश्वासाचा मुद्दा धरला. १७ ऑक्टोबर १९७३ रोजी विधिमंडळात त्यांनी पोलिसांसह सरकारच्या कोणत्याही खात्याशी संबंध नसलेली यंत्रणा उभारत असल्याचं सांगितलं. १५ फेब्रुवारी १९७४ रोजी भ्रष्टाचारविरोधी स्वतंत्र आयोग सुरू झाला. इंग्रजी आद्याक्षरांवरून सगळे त्याला आयसीएसी म्हणतात. आयुक्त गव्हर्नरला थेट उत्तरदायी. पहिले आयुक्त जॅक केटर हे मुलकी सेवेतले होते. तपासाच्या बाजूला जॉन प्रेंडरगास्ट, पोलीस गुप्तवार्तेत मुरलेला माणूस. सुरुवातीला तपासनीस पोलिसांतूनही घ्यावे लागले, दुसरीकडे अनुभव होता कुठे? पण आयोगाला खटला भरायचा अधिकार दिला नाही. तपास आयोगाचा आणि खटला भरायचा की नाही हे ठरवणार ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारचा मुख्य कायदा अधिकारी. आपल्याकडे जनलोकपालावर सगळ्यात मोठा आक्षेप होता की एकाच संस्थेच्या हातात फार सत्ता एकवटेल. हाँगकाँगनं ही गाठ पहिल्याच दिवशी सोडवून ठेवली होती.

आयोगाचे तीन विभाग केले. एक तपासाचा, दुसरा कार्यपद्धती सुधारण्याचा, तिसरा लोकांमध्ये जाऊन काम करण्याचा. वस्त्यांमध्ये, बाजाराच्या रस्त्यांवर आयोगाची छोटी कार्यालयं उघडली, म्हणजे भाजी घ्यायला निघालेल्या बाईलाही जाता जाता तक्रार देता येईल. पहिल्या वर्षात ३,१८९ तक्रारी आल्या आणि त्यातल्या बहुसंख्य सरकारी नोकरांविरुद्ध होत्या. त्या आधी हे सगळे लोक कुठे होते? जिथे ऐकून घेतलं जात नव्हतं तिथे ते गेले नव्हते, इतकंच.

आता गॉडबर. तो इंग्लंडमध्ये ससेक्सच्या किनाऱ्याजवळ राहत होता. तो कुठे आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण आणता येत नव्हतं. प्रत्यर्पणासाठी गुन्हा दोन्ही देशांत गुन्हा असावा लागतो आणि बेहिशेबी मालमत्ता बाळगणं हा तेव्हा ब्रिटनमध्ये गुन्हाच नव्हता. ज्या कलमाच्या जोरावर चौकशी उभी होती ते समुद्रापलीकडे निरुपयोगी ठरलं. ४३ लाखांचा हिशेब तयार होता, पण कागदावरच.

मदत आली ती तुरुंगातून. अर्नेस्ट हंट नावाचा पोलीस अधिकारी त्याच दहाव्या कलमाखाली शिक्षा भोगत होता. त्यानं साक्ष द्यायची तयारी दाखवली. त्याच्यासोबत एका चिनी पोलीस अधीक्षकाचीही साक्ष मिळाली. प्रकरण असं : या अधीक्षकाला वान चाय विभागाचा प्रमुख म्हणून नेमणूक हवी होती. वान चाय म्हणजे बार, नाचघरं, जुगार, नाविकांची वर्दळ. तिथल्या हप्त्याचा आकडा सगळ्या दलाला ठाऊक असणार. ती खुर्ची मिळावी म्हणून गॉडबरला २५,००० डॉलर दिले गेले. हा गुन्हा मात्र ब्रिटनमध्येही गुन्हाच होता. २९ एप्रिल १९७४ रोजी गॉडबरला अटक झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या, ७ जानेवारी १९७५ रोजी त्याला हाँगकाँगला परत आणलं. फेब्रुवारीत खटला चालला आणि आठवडाभरातच निकाल लागला. चार वर्षांची कैद, आणि २५,००० डॉलर परत करायचा हुकूम.

मालमत्ता ४३ लाखांची आणि शिक्षा २५ हजारांसाठी. हे वाचताना प्रथम चीड येते. पण थोडं थांबून पाहिलं की लक्षात येतं, सगळ्या व्यवस्थेचं मूळ त्या २५ हजारांतच होतं. गॉडबरनं बार मालकाकडून पैसे घेतले हे कोर्टात सिद्ध झालं नाही, ते सिद्ध करावंही लागलं नाही. त्यानं बदली विकली हे सिद्ध झालं. बदली विकत घेणाऱ्यानं घातलेले पैसे वसूल करायचेच असतात. तो खालच्या इन्स्पेक्टरला सांगतो, इन्स्पेक्टर सार्जंटला, सार्जंट मिनीबसवाल्याला, मिनीबसवाला भाडं वाढवतो. कारखान्यातून दमून घरी निघालेली मुलगी जास्तीचे सेंट देते तेव्हा ती वान चायच्या त्या खुर्चीचा हप्ता भरत असते. शिपायाला रस्त्यावर कितीही वेळा पकडा, खुर्चीचा भाव जोवर चालू आहे तोवर वसुली बंद होणार नाही, कारण खुर्चीवरच्या माणसाला ती बंद करणं परवडणारच नाही.

१९७५ नंतर आयोग जोरात होता. स्टाफ सार्जंट पटापट देश सोडून जाऊ लागले, काही कॅनडाला, काही तैवानला. ज्याच्या संपत्तीचे कोटींचे आकडे लोकांच्या तोंडी होते तो सार्जंट लुई लॉक तर त्याआधीच निसटला होता. मग १९७६-७७ मध्ये आयोगानं याऊ मा तेईच्या फळबाजारात हात घातला. त्या बाजाराच्या आसऱ्यानं हेरॉइन विकणारी एक टोळी होती आणि ती पोलिसांना, जकातवाल्यांना नियमित पैसे देत होती. आता नावं दोन-चार नव्हती, ठाणीच्या ठाणी अडकत होती. ज्यांनी कधीकाळी खणातलं पाकीट घेतलं होतं त्या सगळ्यांची झोप उडाली.

२८ ऑक्टोबर १९७७ रोजी हजारो पोलीस रस्त्यावर उतरले आणि मुख्यालयावर मोर्चा घेऊन गेले. त्यांच्यापैकी काही जण तिथून हचिसन हाऊस या इमारतीकडे वळले. आयोगाचा तपास विभाग तिथे होता. त्यांनी दार फोडून आत घुसून कर्मचाऱ्यांना मारहाण केली. कायदा राखणारेच कायद्याच्या कचेरीवर चालून आले. चार वर्षांची शिक्षा झालेला गॉडबर त्याच महिन्यात सुटून बाहेर पडला होता, हा योगायोग त्या वेळी आयोगातल्या लोकांना कसा झोंबला असेल!

मॅक्लेहोस यांच्यापुढे दोन वाटा होत्या. ताठ उभं राहायचं, पण मग बंदोबस्ताला माणसं कुठून आणणार? बंड करणाऱ्या दलाला आवरायला दुसरं दल लागतं आणि त्यांच्याकडे दुसरं होतं ते ब्रिटिश लष्कर. ते रस्त्यावर उतरवलं असतं तर शहराचा भरवसा संपला असता. किंवा आयोगाचे दात काढायचे. त्यांनी ५ नोव्हेंबरला तिसरी वाट काढली. १ जानेवारी १९७७च्या आधी घडलेल्या गुन्ह्यांचा पाठपुरावा आयोग करणार नाही, असं जाहीर केलं. मात्र ज्यांची चौकशी आधीच झाली आहे, ज्यांच्यावर वॉरंट आहे, जे देश सोडून पळाले आहेत, त्यांना ही माफी नाही. अत्यंत गंभीर गुन्हे असले तर तेही वेगळे. ही घोषणा झाल्याबरोबर आयोगाला ऐंशीच्या वर तपास बंद करावे लागले.

आयोगाच्या कर्मचाऱ्यांना ही पाठीत सुरी वाटली. लोकांनाही सरकार वाकलं असं वाटलं आणि पुढच्या काळात तक्रारी घटल्या. पण गव्हर्नर तिथेच थांबले नाहीत, आणि हे सांगायचं राहून जातं. पोलिसांमधल्या काहींना आता आणखी सवलती हव्या होत्या. ७ नोव्हेंबरला विधिमंडळाची तातडीची बैठक बोलावून सरकारनं कायदा दुरुस्त केला : आज्ञा मोडणाऱ्या पोलिसाला अपिलाशिवाय तडकाफडकी बडतर्फ करता येईल. बंड तिथेच विझलं. फळबाजार प्रकरणात माफीबाहेर राहिलेल्यांवर पुढे खटले झाले आणि १९७८ मध्ये ११९ अधिकाऱ्यांना सार्वजनिक हितासाठी म्हणून सेवेतून घरी पाठवण्यात आलं. तुरुंग नाही, पण वर्दीही नाही.

ही माफी योग्य होती का, यावर आजही दोन मतं आहेत. माझं मत, ती योग्य होती. बसच्या बाजूनं धावणाऱ्यांचा विचार करा. त्यांच्यातल्या अनेकांनी कधी ना कधी एखादं पाकीट गप्प बसून घेतलेलं. जोवर त्या एका पाकिटासाठी उद्या आपल्याला बोलावणं येईल ही भीती आहे, तोवर त्यांना बसमधल्यांचीच बाजू घ्यावी लागते, कारण बसमधले बुडाले तर तेही बुडणार. रेघ ओढल्यावर त्यांना पहिल्यांदा प्रामाणिक राहण्यात स्वार्थ उरला. कालचं माफ, उद्याचं नाही, असा सौदा होता. पण असा सौदा करायचा हक्क सरकारला कधी मिळतो? आधी तीन वर्षं खऱ्याखुऱ्या अटका केल्यावर, आणि माफीच्या बाहेर कोण हे काटेकोर सांगितल्यावर. धाक बसायच्या आधी दिलेली माफी म्हणजे नुसतं झाकपाक. आपल्याकडे जुन्या प्रकरणांवर पडदा टाकायची भाषा अधूनमधून ऐकू येते, तिच्यात हा पहिला भाग नसतो. म्हणून हाँगकाँगची माफी पुढे करून तिचं समर्थन कोणी करू नये.

आयोगाचा दुसरा, कार्यपद्धती सुधारण्याचा विभाग कोणाच्या लक्षात राहत नाही, कारण त्याच्या कामात अटक नाही, बातमी नाही. परवान्याचा अर्ज किती टेबलांवरून फिरतो, कुठे थांबतो, नाही म्हणायचा अधिकार कोणा एकाच्या सहीत आहे, निकष लेखी आहेत का, अर्जदाराला ते आधी कळतात का, अशा प्रश्नांची उत्तरं घेऊन त्यांची माणसं खात्याखात्यांत बसत आणि पद्धत बदलायला लावत. चहाचा पैसा मेला तो मुख्यतः इथे. हे तसं कंटाळवाणं काम, पण ज्याला सरकारी घर हवं होतं त्याला गॉडबर तुरुंगात गेल्यापेक्षा याचा उपयोग जास्त झाला.

आयोगाची पुढची कहाणी सरळ नाही. २०१४ मध्ये माजी मुख्य सचिव राफेल हुई यांना साडेसात वर्षांची शिक्षा झाली, इतक्या वरच्या माणसापर्यंत हात पोचणं ही मोठीच गोष्ट. पण त्याच्या आदल्याच वर्षी आयोगाच्याच माजी प्रमुखांनी मेजवान्या आणि भेटवस्तूंवर केलेल्या खर्चाची चर्चा झाली. २०२१च्या निवडणुकीत कोरी मतपत्रिका टाकायचं आवाहन करणाऱ्यांना याच आयोगानं अटक केली, तेव्हा लाचेविरुद्धचं हत्यार राजकीय मतांविरुद्ध वापरलं गेल्याची टीका झाली, आणि मला ती रास्त वाटते. जो आयोग एकाच पदाला उत्तरदायी असतो, त्याचं स्वातंत्र्य त्या पदावरच्या माणसाच्या हेतूवर टांगलेलं राहतं. मॅक्लेहोसच्या काळात ते खपून गेलं.

आता महाराष्ट्राकडे. आपला लाचलुचपत प्रतिबंधक विभाग १९५७ पासून आहे आणि गृह खात्याखाली आहे. सापळा रचण्यात तो तरबेज. तक्रार आली की पडताळणी होते, पंच बोलावले जातात, नोटांना फिनॉल्फथेलीनची पावडर लावतात. पैसे घेणाऱ्याचे हात सोडियम कार्बोनेटच्या पाण्यात बुडवले की पाणी गुलाबी होतं. या गुलाबी पाण्यानं कित्येक तलाठी, हवालदार, अभियंते आणि लिपिक पकडले आहेत आणि १०६४ हा नंबर फिरवणाऱ्या सामान्य माणसाच्या धैर्याला मी मनापासून नमस्कार करते. सातबाऱ्यावरच्या एका नोंदीसाठी खेटे घालणाऱ्या शेतकऱ्यानं सापळ्याला उभं राहणं ही लहान गोष्ट नाही. नोंद पुढे त्याच कचेरीतून व्हायची असते.

पण पावडर लावलेली नोट शेवटच्या हाताचाच रंग दाखवते. ती नोट पुढे कोणाकडे जाणार होती, ते पाणी सांगत नाही. त्यासाठी अपसंपदेचा गुन्हा आहे. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात तो हाँगकाँगच्या दहाव्या कलमासारखाच आहे : ज्ञात उत्पन्नापेक्षा जास्त मालमत्ता, आणि समाधानकारक खुलासा नाही. तेव्हा कायद्याबाबत आपण हाँगकाँगच्या मागे नाही. मागे आहोत ते तपास करणाऱ्याच्या जागेबाबत. आपल्या विभागातले तपास अधिकारी बहुतेक पोलीस दलातून प्रतिनियुक्तीवर येतात आणि मुदत संपली की तिथेच परत जातात. ज्यांच्याविरुद्ध आज गुन्हा दाखल करायचा, त्यांच्याच हाताखाली उद्या काम करावं लागू शकतं. त्यात २०१८च्या दुरुस्तीनं कायद्यात १७-अ हे कलम आलं : अधिकाऱ्यानं पदावर असताना घेतलेल्या निर्णयांबाबत चौकशी सुरू करायलाच आधी सरकारची मंजुरी. खटला भरायला मंजुरी तर पूर्वीपासून लागतेच. जिथे पैसे घेताना रंगेहाथ पकडलं तिथे १७-अ आड येत नाही. म्हणजे तलाठ्याला पकडायला कोणाची परवानगी नको, पण फाईलवर सही करून कोट्यवधींचा फायदा करून देणाऱ्याची चौकशी करायला हवी. हे उफराटं आहे.

आणि खुर्चीचा भाव? त्याविरुद्ध महाराष्ट्रानं एक खरोखर चांगला कायदा केला आहे, अण्णा हजारे यांच्या आंदोलनांचा त्यात मोठा वाटा आहे. बदल्यांचं विनियमन आणि विलंबाला प्रतिबंध करणारा २००५चा अधिनियम १ जुलै २००६ पासून लागू झाला. एका पदावर साधारण तीन वर्षं, बदल्या एप्रिल-मेमध्ये, मुदतीआधी बदली करायची तर कारण लेखी नोंदवून वरच्या सक्षम अधिकाऱ्याची मान्यता. त्याच कायद्यात फाईल कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त अडवून ठेवू नये असंही आहे, म्हणून लोक त्याला दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. पोलिसांसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००६च्या प्रकाश सिंह खटल्यातल्या आदेशानंतर बदल्या ठरवणारं पोलीस आस्थापना मंडळ आलं. पण ‘विशेष बाब’ म्हणून आणि ‘प्रशासकीय कारणास्तव’ या दोन शब्दसमूहांमागे किती बदल्या लपतात हे मंत्रालयात वावरणाऱ्या कोणालाही विचारा. कायद्यानं कारण लेखी मागितलं होतं. दोन शब्दांत ते भागवलं जातं आणि कोणी उलट विचारत नाही.

म्हणून माझी मागणी साधी आहे. मुदतीआधी झालेल्या प्रत्येक बदलीचं लेखी कारण, शिफारस करणाऱ्याच्या नावासह, आदेशासोबतच सरकारी संकेतस्थळावर टाका. माहिती अधिकारात अर्ज करून मागायला लावू नका. लाचलुचपत विभागाच्या प्रमुखाला ठरलेली मुदत द्या आणि तपास अधिकाऱ्यांचा स्वतंत्र संवर्ग तयार करा, म्हणजे त्यांना जुन्या साहेबांकडे परत जायला लागणार नाही. आणि अपसंपदेच्या चौकशीत अधिकाऱ्याच्या घराचा, प्लॉटचा, बायकोच्या दागिन्यांचा हिशेब लावताना एक रकाना जास्त ठेवा : ही खुर्ची मिळवायला त्यानं किती दिले, आणि कोणाला.